जुनी गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून येणारा धूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे दहा-पंधरा वर्षांहून जुन्या मोटारींच्या मालकांसाठी आहेत. कार्बोरेटरची प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती ८००, एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) पेट्रोल गाड्या, सीएनजी किट बसवलेल्या गाड्या, जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन असलेली इंडिका आणि कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) टर्बो डिझेल गाड्या या सर्वांचा विचार येथे केला आहे. धुराच्या नुसत्या रंगावरून इंजिन उघडण्याचा निर्णय घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. धूर केव्हा येतो, किती वेळ टिकतो, आणि त्या काळात ऑइल व कूलंट किती कमी होते, या तीन गोष्टी रंगाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

हिवाळ्यात सकाळी पांढरा धूर येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. हा दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचे पाणी होते, आणि एक लिटर पेट्रोलपासून साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असताना हे पाणी अदृश्य वाफेच्या रूपाने निघून जाते. सायलेन्सर थंड असला की तीच वाफ आत थंड होऊन तिचे बारीक थेंब होतात आणि ती बाहेर पांढरी दिसते. सायलेन्सरच्या टोकातून पाण्याचे थेंबही पडतात. निफाड, नाशिक किंवा महाबळेश्वर येथे डिसेंबर-जानेवारीत हे रोजचे दृश्य आहे, तर मुंबईत ते क्वचितच दिसते. सीएनजीमध्ये हायड्रोजनचे प्रमाण अधिक असल्यामुळे सीएनजीवर चालणाऱ्या गाडीतून वाफ जास्त निघते, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाच-दहा मिनिटे गाडी चालवल्यावर ती पूर्ण थांबली पाहिजे.

वाफ आणि खरा धूर यांतील फरक घरच्या घरी कसा ओळखावा?

वाफ सायलेन्सरपासून हात-दोन हात अंतरावर विरून जाते. धूर हवेत तरंगत राहतो आणि त्याला वास असतो. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरे सुती फडके काही सेकंद धरावे. नुसता ओलावा लागला तर ती वाफ आहे. तेलकट डाग पडले तर ऑइल जळत आहे आणि कोरडी काजळी बसली तर इंधन जास्त जात आहे, असे समजावे. मात्र सायलेन्सरमध्ये आधीपासून साठलेली काजळी पहिल्या ओलाव्याबरोबर काळ्या थेंबांच्या रूपाने बाहेर पडते, त्यामुळे ही चाचणी दोन-तीन वेळा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी निरीक्षण नेमके कसे करावे?

गाडी रात्रभर, म्हणजे किमान सात-आठ तास, उभी राहिलेली असावी. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन तापते आणि सुरुवातीचा धूर मेकॅनिकला दिसतच नाही, म्हणून ही पाहणी मालकानेच करणे आवश्यक आहे. गाडी मोकळ्या जागेत असावी. एकाने ती सुरू करावी आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून मोबाइलवर चित्रण करावे. सुरू करताना ॲक्सिलरेटर दाबू नये. चित्रण सुरू होण्याआधी ऑइलची पट्टी आणि कूलंटच्या बाटलीतील पातळी पाहून लिहून ठेवावी.

त्यानंतर इंजिन पूर्ण तापू द्यावे, पाच मिनिटे न्यूट्रलमध्ये चालू ठेवावे आणि मग एकदा ॲक्सिलरेटर दाबून धूर येतो का ते पाहावे. पेट्रोल गाडीसाठी घाटातील उतार ही याहून चांगली परीक्षा आहे. कात्रज किंवा कसारा घाटासारख्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून आणि ॲक्सिलरेटर सोडून खाली यावे, आणि उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबताना मागच्या गाडीतील ओळखीच्या माणसाला धुराकडे लक्ष ठेवायला सांगावे. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इनटेकमधील, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेतील, निर्वात सर्वांत जास्त असतो आणि तो व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीच्या सैल गाईडमधून ऑइल खेचून घेतो. खाली आल्यावर निळा लोट उठला, तर व्हॉल्व्हच्या बाजूचा संशय पक्का होतो. चढावर इंजिनावर ताण असताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांकडे जातो. जुन्या डिझेल इंजिनात इनटेकला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसल्यामुळे उताराची ही परीक्षा तेथे लागू पडत नाही.

सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात सारे स्वच्छ होते. काय बिघडले असेल?

हे व्हॉल्व्ह सील कडक झाल्याचे नेहमीचे लक्षण आहे. व्हॉल्व्हची दांडी ज्या गाईडमधून वरखाली होते, त्याच्या वरच्या तोंडाशी रबराचे लहानसे सील असते. दांडीला वंगण मिळण्यापुरतेच ऑइल खाली जाऊ देणे, एवढेच त्याचे काम. वर्षानुवर्षे उष्णता सोसून ते रबर ताठ होते, त्याची पकड सुटते, आणि इंजिन बंद झाल्यावर हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणाच्या भागात) राहिलेले ऑइल रात्रभर थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या पाठीमागे उतरते. सकाळी पहिल्या फेऱ्यांत ते जळते आणि संपले की धूर थांबतो. सिग्नलवर बराच वेळ थांबून निघताना असाच लोट आला, तर कारण बहुधा हेच असते.

सील बदलणे हे तुलनेने लहान काम आहे. बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता ते करता येते. स्पार्क प्लगच्या छिद्रातून हवेचा दाब देऊन किंवा दोरी भरून पिस्टन वर आणून व्हॉल्व्ह खाली पडू न देता स्प्रिंग काढतात आणि सील बदलतात. मात्र त्याच वेळी व्हॉल्व्हची दांडी हाताने हलवून गाईडमधील ढिलाई पाहण्याचा आग्रह धरावा. गाईड झिजलेले असेल तर नवे सील काही महिन्यांतच पुन्हा निकामी होते आणि मजुरी वाया जाते.

दोष व्हॉल्व्ह सीलचा आहे की रिंगांचा, हे खात्रीने कसे ठरवावे?

सर्वांत आधी स्वस्त गोष्टी पाहाव्यात. ऑइल पट्टीवरील वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले असेल, तर तेवढ्यानेही निळा धूर येतो. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पेटीतील) वायू इनटेककडे नेणारी नळी आणि तिच्यातील पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल, तर आतील दाब वाढून ऑइल नको तेथे ढकलले जाते. हा व्हॉल्व्ह साफ करणे किंवा बदलणे हे काही मिनिटांचे काम आहे, आणि ते न करता कोणी इंजिन उघडण्याचे सुचवत असेल तर ते मान्य करू नये.

त्यानंतर कंप्रेशन टेस्ट. इंजिन तापलेले, बॅटरी पूर्ण चार्ज, सर्व स्पार्क प्लग काढलेले, इग्निशन व पेट्रोलचा पुरवठा तोडलेला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरला सारख्याच वेळा स्टार्टर मारून दाब मोजतात. सुस्थितीतील पेट्रोल इंजिनांत तो साधारण १० ते १३ बार येतो. पद्मिनीसारख्या कमी कंप्रेशनच्या जुन्या इंजिनांत तो याहून कमी असतो, म्हणून कंपनीच्या मॅन्युअलमधील आकडा प्रमाण मानावा. एकंदर आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधील तफावत अधिक बोलकी असते, आणि ती १० ते १५ टक्क्यांहून जास्त असेल तर दोष आहे असे समजावे. कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर दाब ठळकपणे वाढला, तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. दाब वाढला नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅसकेट फुटली आहे.

या चाचणीची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. दाब धरून ठेवण्याचे काम वरच्या दोन रिंगा करतात, तर भिंतीवरील ऑइल खरवडण्याचे काम सर्वांत खालची ऑइल रिंग करते. ही खालची रिंग कार्बनने खाचेत अडकली असेल, तर कंप्रेशन उत्तम येऊनही इंजिन ऑइल खाते. म्हणून कंप्रेशनचे आकडे, धुराची वेळ आणि ऑइलचा खप हे तिन्ही एकत्र वाचावेत. ब्रीदरची (क्रँककेसमधील वायू बाहेर नेणारी) नळी काढल्यावर तेथून सतत धुरकट वायूचा झोत येत असेल, ज्याला गॅरेजमध्ये ‘ब्रीदर मारतो’ असे म्हणतात, तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजल्याचा तो आणखी एक पुरावा ठरतो.

गॅरेजमध्ये धूर पाहताच ‘हाफ इंजिन काम’ (हेड उतरवून रिंगा वगैरे बदलणे) सांगितले. होकार द्यावा का?

आकडे लिहून मिळाल्याशिवाय देऊ नये. प्रत्येक सिलिंडरचे कंप्रेशन, कोरडे आणि ऑइल घालून, असे दोन्ही आकडे कागदावर मागावेत. निदान पक्के असलेला मेकॅनिक ते आनंदाने देतो. हेड उतरवावेच लागले, तर लेथवाल्याकडे त्याचा सपाटपणा तपासून घ्यावा, आणि बोअर मोजून झीज मर्यादेत असेल तरच नुसत्या रिंगा बदलाव्यात. अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घातल्या, तर धूर काही हजार किलोमीटरांत परत येतो. या टप्प्यावर मोजमाप टाळून पैसे वाचवणे सर्वांत महाग पडते.

ऑइल किती कमी होणे चालते?

वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे, १००० किलोमीटर चालवावे आणि सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. जुन्या इंजिनाने एवढ्या अंतरात पाव ते अर्धा लिटर ऑइल खाल्ले, तर लगेच इंजिन उघडण्याची गरज नसते. ऑइल भरत राहावे आणि नोंद ठेवावी. १००० किलोमीटरला एक लिटरच्या आसपास खप गेला, तर दुरुस्ती पुढे ढकलू नये. ऑइलमधील फॉस्फरसयुक्त घटक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थर धरतात आणि तो हळूहळू निकामी होतो. शिवाय ऑइल कमी असताना धावणारे इंजिन बेअरिंग गमावून बसते, आणि तो खर्च सीलच्या खर्चाच्या अनेक पट असतो.

जाड ऑइल किंवा बाटलीतले औषध घातल्यास धूर थांबेल का?

जुन्या कार्बोरेटर इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल वापरणे योग्यच आहे आणि त्याने खप थोडा कमी होऊ शकतो. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलसाठी घडवलेल्या इंजिनात मात्र तसे करू नये, कारण तेथील वाटा अरुंद असतात आणि थंड इंजिनात वरपर्यंत ऑइल पोहोचायला उशीर होतो. रबर मऊ करणारी द्रव्ये किंचित कडक झालेल्या सीलवर काही काळ गुण देतात. तुटलेल्या सीलवर किंवा झिजलेल्या बोअरवर ती काहीच करू शकत नाहीत.

पेट्रोल गाडी सुरू करताना काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास येतो. कोठून सुरुवात करावी?

एअर फिल्टरपासून. खडीच्या किंवा उसाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या बराच आधी तुंबतो. पद्मिनी आणि अँबॅसडरसारख्या हाताने चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारे पाते) ओढायच्या गाड्यांत चोकची केबल गंजून पाते अर्धे बंद राहते. बटण आत ढकलले तरी पाते पूर्ण उघडते का, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर कार्बोरेटरमधील फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ तुकड्याची) पातळी आणि पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह तपासावा. फ्लोटला छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले असेल, तर कार्बोरेटर सतत ओसंडतो.

एमपीएफआय गाड्यांत इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर हा पहिला संशयित असतो. तापलेले इंजिनही ‘थंड’ असल्याचे तो सांगत राहिला, तर संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. रात्रभर गळणारा इंजेक्टर असेल, तर सकाळी गाडी उशिरा सुरू होते, काळा लोट येतो आणि लगेच सारे सुरळीत होते. सीएनजी गाड्यांत हा दोष विशेष आढळतो, कारण सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणाऱ्या) किटच्या गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन काही मिनिटांतच गॅसवर जातात आणि पेट्रोलचे इंजेक्टर बहुतेक वेळ निष्क्रिय राहतात. आठवड्यातून एकदा तरी अशी गाडी वीसेक किलोमीटर पेट्रोलवर चालवावी.

डिझेल गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होते, पांढरा धूर येतो आणि डोळे चुरचुरतात. का?

हा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल आहे. इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनासारख्या जुन्या, प्री-चेंबर (डिझेल आधी जेथे पेटते तो छोटा कप्पा) असलेल्या इंजिनांना थंडीत तो कप्पा तापवणाऱ्या हीटर प्लगची गरज फार असते. डॅशबोर्डवरील हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबूनही असे होत असेल, तर प्रत्येक प्लग सुटा करून मल्टिमीटरने तपासावा. चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग जळाला आहे. सर्व प्लग चांगले असूनही ते तापत नसतील, तर रिले आणि फ्यूज पाहावा. हे सारे ठीक असेल तर डिझेलच्या नळीत हवा शिरणे, नोझल गळणे, पंपाचे टायमिंग मागे जाणे आणि शेवटी कंप्रेशन उतरणे, या क्रमाने पुढे जावे.

पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही, गोडसर वास येतो आणि कूलंट कमी होते. याचा अर्थ काय?

कूलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची दाट शक्यता आहे. हेड गॅसकेट फुटणे, हेड वाकणे किंवा त्याला तडा जाणे ही त्याची कारणे असतात. गाडी चालवणे त्याच दिवशी थांबवावे.

निदानासाठी थंड इंजिनात कूलिंग सिस्टीमला पंपाने दाब देऊन तो उतरतो का ते पाहतात. दुसरी चाचणी निळ्या रंगाच्या द्रवाची आहे. रेडिएटरच्या तोंडाशी साठलेली हवा त्या द्रवातून खेचतात, आणि सिलिंडरमधील जळका वायू पाण्यात मिसळत असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा पडतो. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली १०० अंशांहून जास्त तापलेले असते, आणि झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते.

या दोषाचे मूळ अनेकदा साध्या सवयीत असते. कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी भरत राहिल्यास त्यातील क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात, ॲल्युमिनियमचे हेड गंजते, इंजिन एकदोनदा जास्त तापते आणि गॅसकेट जाते. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेले कूलंट एवढेच वापरावे. ते विषारी आणि चवीला गोड असते, म्हणून सांडलेले कूलंट लगेच धुऊन काढावे, नाही तर कुत्री-मांजरे ते चाटतात.

कूलंट कमी होत नसेल, पण ब्रेक ऑइलची पातळी बाहेर गळती नसताना घटत असेल, तर ब्रेक बूस्टर पाहावा. मास्टर सिलिंडरचे सील गळून ब्रेक ऑइल बूस्टरमधून पेट्रोल इंजिनात खेचले जाते आणि दाट पांढरा धूर होतो. हा दोष विरळ आहे, पण तो चुकला तर ब्रेकच हातचे जातात.

ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो. हेड गॅसकेट गेली का?

तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, ऑइल पुरेसे तापत नाही आणि आतील ओलावा झाकणाखाली जमतो. अर्धा तास हमरस्त्यावर चालवल्यावर तो थर गेला आणि पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर काळजी नाही. पट्टीवरचे ऑइलही दुधाळ असेल, तर इंजिन सुरूच करू नये.

टर्बो डिझेल गाडीतून अचानक दाट निळा धूर आला आणि इंजिन आपोआप वेग घेऊ लागले तर?

टर्बोचे सील फुटून इंजिन स्वतःचेच ऑइल जाळू लागले आहे. किल्ली बंद केल्याने ते थांबेलच असे नाही, कारण त्याला डिझेलची गरज उरलेली नसते. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. ते शक्य नसेल तर सर्वांनी गाडीतून उतरून दूर व्हावे. इनटेकजवळ हात नेऊ नये.

गाडी धूर सोडते, तरी पीयूसी मिळते. मग दुरुस्ती कशाला?

पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी तापलेल्या इंजिनावर, न्यूट्रलमध्ये होते आणि तीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनचे प्रमाण मोजतात. बीएस-४ पेट्रोल मोटारींसाठी ही मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. सकाळचा निळा लोट त्या वेळेपर्यंत संपलेला असतो, म्हणून प्रमाणपत्र हे इंजिनाच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. डिझेल गाडीत धुराची घनता मोजतात, त्यामुळे तेथे काळा धूर सहसा पकडला जातो.

धूर पाहण्यासाठी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवले तर चालेल का?

चालणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि थंड इंजिन ते जास्त सोडते. बंद गॅरेजमध्ये तर शटर अर्धे उघडे ठेवूनही इंजिन चालू ठेवू नये.

अनेक महिने उभी असलेली जुनी गाडी प्रथमच सुरू करताना काय करावे?

आधी ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल पाहावे. उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात घर केले आहे का, हे डबा उघडून तपासावे. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर स्टार्टर मारूच नये, कारण सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इतर पेट्रोल गाड्यांत स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घालावे, इग्निशन व पेट्रोल तोडून इंजिन काही फेऱ्या फिरवावे, मग प्लग बसवून ते सुरू करावे. अशा वेळी पहिली काही मिनिटे निळा-पांढरा धूर भरपूर येतो. घातलेले ऑइल आणि साठलेला ओलावाच त्यात जळत असतो. धुराची खरी पाहणी त्यानंतर गाडी शंभरेक किलोमीटर चालवून, एक रात्र उभी ठेवून, दुसऱ्या सकाळी करावी.